नसायला हवी होती ती पट्टी

आमची सूनबाई पेशींवर संशोधन करते. मला त्यातलं फारसं कळत नाही, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर ती चूक माझी समजावी. पेशीला वाढण्याचा निरोप मिळत असतो आणि एक प्रथिन त्या निरोपाला लगाम घालतं. ते प्रथिन शोधायला अँटिबॉडी वापरतात. ती बाटलीतून विकत मिळते. ती नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटली की फिल्मवर काळी पट्टी उमटते. त्या पट्टीच्या भरवशावर सूनबाईने सगळा प्रबंध उभा केला होता आणि सादरीकरण तोंडावर आलं होतं.

तेवढ्यात तिला ते प्रथिनच काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या. तिने त्यांच्यावर तीच अँटिबॉडी वापरून पाहिली. पट्टी उमटायला नको होती. चांगली ठसठशीत उमटली.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, म्हणजे हा पोलिसांचा कुत्रा चोराला सोडून भलत्याचीच पँट धरतोय.

“अगदी तसंच, बाबा. आणि मी इतकी वर्षं त्या भलत्याला चोर म्हणत आले.”

मुलाचं म्हणणं, आधी पदवी पदरात पाडून घे, मग काय घालायचा तो गोंधळ घाल. तिच्या सरांनीही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. त्या पेशी प्रबंधात नव्हत्याच, आता कशाला मध्ये आणायच्या? तिने दोघांचंही शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, सादरीकरणाला येता का.

मी सभागृहात मागच्या रांगेत अंग चोरून बसलो. तिने पहिलंच चित्र लावलं ते त्या पट्टीचं.

“ही पट्टी इथे नसायला हवी होती. ती आहे. म्हणजे माझ्या प्रबंधाचा पायाच चुकलाय.”

सर उठले. म्हणाले, हे चित्र काढ, नाहीतर यंदा पदवी विसर.

“विसरले, सर. पुढचं चित्र दाखवू?”

मागे कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

पदवी लांबली ती लांबलीच. मुलगा बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होता. ती मात्र नवी अँटिबॉडी आली की आधी त्या प्रथिन नसलेल्या पेशींवर तपासते. पट्टी दिसली की बाटली कंपनीला परत. कालही एक गेली. सर म्हणतात, अशाने म्हातारी होशील.

ती म्हणते, होईन.