कापडवाला, हातधुव्या, पंपवाला आणि मी

भिवंडीत लूमच्या शेजारी राहणाऱ्यांना ठाऊक आहे, पंखा कितीही पुसा, आठवड्याभरात पात्यांवर कापसाची तूस परत बसतेच. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण चार रिकामटेकडी माणसं रोज एकत्र बसली की आपोआप साचतात. आम्ही तर तिघंच होतो, पण रिकामटेकडेपणा चौघांना पुरून उरेल एवढा होता.

तिघं म्हणजे बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं बाक. एक सायरा, जिच्या अब्बांचे लूम आहेत. दुसरा शेलार गावचा मयूर. आणि तिसरी मी, दिघाशीहून शेअर रिक्षात कोंबून येणारी. आमच्या दांडेकर मॅडम शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक मिटायच्या आणि रोगजंतूंशी झुंजलेल्या एखाद्या थोर माणसाची गोष्ट सांगायच्या. ती गोष्ट आम्हाला लागायची. साथ लागते तशीच. सोमवारी लक्षणं दिसायला लागायची आणि गुरुवारपर्यंत ताप उतरायचा.

मॅडम त्या थोर लोकांची नावं फळ्यावर स्पेलिंगसकट लिहायच्या. आमच्या लक्षात फक्त त्यांचा उद्योग राहायचा. त्यामुळे इथेही ते कापडवाला, हातधुव्या, पंपवाला अशाच नावांनी येतील. त्यांच्या आत्म्यांनी माफ करावं.

आणि एक आधीच सांगून ठेवते. या थोरपणाच्या नादात मी एका गरीब माणसाचा चालता धंदा बंद पाडला होता. रामसजन भैया त्याचं नाव. माझ्या लहानपणापासून शेलारहून दिघाशीत गाडी ढकलत पाणीपुरी विकायला येणारा. तो किस्सा मी शेवटी ठेवलाय, कारण तो सांगायला मला अजून धीर गोळा करावा लागतो.

*

पहिली लागण कापडवाल्याची. हॉलंडमधला हा माणूस मूळचा कापडाचा व्यापारी. कापडातले धागे भिंगातून बघता बघता त्याने स्वतःच भिंगं घासली आणि पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव जगात पहिल्यांदा पाहिले.

हे ऐकून सायरा ताठ बसली. कापड, धागे, भिंग, सगळं तिच्या घरात होतंच! सोमवारी ती अब्बांचं धागे मोजायचं छोटं भिंग घेऊन आली. त्यातून आम्ही दही पाहिलं, गटार पाहिलं, मयूरची जीभ पाहिली. जीव दिसला नाही. तिकडे अब्बा दिवसभर भिंग शोधत होते आणि व्यापारी समोर बसून राहिला होता. संध्याकाळी त्यांनी सायराला एवढंच विचारलं, "बेटा, कीड़े देखने थे तो कॉलेज की मशीन किसलिए है?"

म्हणून मी कॉलेजच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मला लगेच जीव दिसला. लांब, काळा, किंचित वाकलेला, आणि मी हलले की हलणारा. पुस्तकात असा जंतू कुठेच नव्हता. नवीन शोध! मी जर्नलमध्ये त्याची सुबक आकृती काढली, शेड दिली आणि मॅडमना नेऊन दाखवली. मॅडमनी आकृती पाहिली, मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"छान काढलीस," त्या म्हणाल्या. "फक्त या जंतूने काजळ घातलंय."

त्या माझ्याच पापण्या होत्या. ती आकृती अजून त्या जर्नलमध्ये आहे, खाली मॅडमची सही आणि दहापैकी दोन मार्क.

*

मग आला हातधुव्या. व्हिएन्नाचा डॉक्टर. बाळंतिणींना हात लावण्याआधी हात धुवा, एवढंच तो बाकीच्या डॉक्टरांना सांगत होता. त्यांना अपमान वाटला, कोणी ऐकलं नाही, आणि बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला. ही गोष्ट ऐकून मी खरंच रडले होते. त्याच आठवड्यात आमच्या गावात एका घरी हळद होती.

आमच्याकडे हळद म्हणजे गावजेवण. अंगणात बायका रांगेने तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी मधोमध उभी राहून कोपरापर्यंत हात कसे धुवायचे यावर भाषण सुरू केलं. बोटांच्या बेचक्यापर्यंत आले आणि माझ्या बेबीआत्याने मान वर केली. बेबीआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने मान वर केली की आमच्या आळीतली कुत्रीही गप्प बसतात.

"मी चालीस वर्सा भाकऱ्या थापतंय," ती म्हणाली. "कोन मेला काय?"

मी म्हटलं, आत्या, धुण्याला विज्ञान आहे. तिने माझ्या मागे बोट दाखवलं. "तुला धुवाची येवरी हौस हाय ना? मंग ते टोप बग तिकरं."

मटणाचे सात टोप होते. करपलेले. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी विज्ञान घासत होते. व्हिएन्नाच्या डॉक्टरला निदान भांडी तरी घासावी लागली नव्हती.

*

मयूरची तऱ्हा वेगळी. मुंबईत प्लेगच्या दिवसांत एका परदेशी शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मयूरला वाटलं, आपणही काहीतरी बनवून आधी स्वतःवर करून बघायला हवं. लस काही घरी होत नाही. म्हणून त्याने जुलाबावर देतात ते साखर-मिठाचं पाणी केलं.

लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे अंगणवाडीतल्या ताईलाही पाठ असतं. मयूरने सहा चमचे मीठ घातलं. पहिल्याच घोटाला त्याला कळलं की काहीतरी चुकलंय, पण खरा शास्त्रज्ञ प्रयोग अर्ध्यावर सोडत नाही, असं त्याला वाटलं. त्याने ग्लास संपवला. पुढे जे झालं ते मोरीत झालं.

त्याच्या आईने मेडिकलमधून साखर-मिठाचीच तयार पुडी आणून त्याला बरं केलं. तेव्हापासून गोड-खारट असं कुठलंही पेय मयूर पीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

शेवटच्या वर्षी मॅडमनी पंपवाल्याची गोष्ट सांगितली आणि मला ती कायमची लागली. लंडनमध्ये कॉलरा पसरला होता. या डॉक्टरने घरोघरी फिरून कोण दगावलं ते विचारलं, नकाशावर खुणा केल्या, आणि खुणांची दाटी एका पाण्याच्या पंपाभोवती निघाली. मग त्या पंपाचा दांडाच काढून टाकायला लावला. म्हणजे कोणी पाणी उपसायलाच नको. औषध नाही, भाषण नाही. नुसता दांडा काढला.

मी त्या रात्री देवाकडे मागितलं की मलाही असा एक पंप मिळू दे. देव कधी ऐकेल याचा नेम नसतो, म्हणून मागताना जरा जपून मागावं.

*

एप्रिलमध्ये प्रोजेक्ट म्हणून आम्ही दिघाशीच्या शाळेत हात धुण्याचा कार्यक्रम केला. मुलं, त्यांच्या आया, भजनी मंडळ, सगळे आले. हाताला हळद चोळायची, मग धुवायचं आणि पिवळं कुठे राहतंय ते बघायचं. बेबीआत्याही आली, हळद लावून घेतली, धुतली, आणि नखांत राहिलेलं पिवळं बराच वेळ बघत बसली. माझ्या आयुष्यातला तो विजयाचा दिवस होता.

ऊन फार होतं, म्हणून शेवटी लिंबू सरबत ठेवलं होतं. ते खातं माझं. आदल्या दिवशी मी दोन हंडे पाणी वीस मिनिटं उकळून, गाळून, झाकून ठेवलं होतं. लिंबं तीनदा धुतली. माझा चुलतभाऊ नंदादादा सकाळी टेम्पो घेऊन आलाच होता, त्याच्याकडून बर्फाची लादी घेतली, फोडून घातली. ग्लोव्हज घालून, लांब दांड्याच्या डावाने मी सगळ्यांना स्वतः वाढलं. दोन-दोन ग्लास. मला मात्र उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून गाव पळायला लागलं. जुलाब, उलट्या, पोटात कळा. आरोग्य केंद्राच्या आशाताई पिशवीतून पुड्या वाटत धावत होत्या. शाळेच्या शिपायाच्या मुलीला तर एक दिवस सलाईन लावावं लागलं. आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. साथ आली होती. आता पंप शोधायचा.

मी तो शोधला नाही, ठरवला. रामसजन भैया पाणीपुरीच्या मटक्यात हात बुडवतो हे मी बारा वर्षं बघत होते, त्याच हाताची जास्तीची सुकी पुरी खात होते. मी देवळासमोर उभी राहून सगळ्यांना सांगितलं की साथ याच पाण्यातून आलीय. मी शिकलेली पोर, गावाने ऐकलं. संध्याकाळी भैया आला तर पोरांनी त्याची गाडी वेशीवरूनच परत फिरवली. तो भांडला नाही. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "गुड़िया, हमारे पानी में क्या निकला?"

मी म्हटलं, रिपोर्ट येतोय. रिपोर्ट कुठलाच नव्हता. मी पाणी घेतलंच नव्हतं.

*

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. नकाशा कुठे आहे, एवढंच विचारलं. मग आम्ही तिघांनी कार्डशीटवर दिघाशी काढली आणि घरोघर फिरून लाल टिकल्या लावल्या. पाणीपुरीची गाडी उभी राहते त्या पिंपळाजवळ दाटी व्हायला हवी होती. टिकल्या गावभर पसरल्या. ज्यांनी महिनाभर पाणीपुरी खाल्ली नव्हती तेही आजारी होते. बेबीआत्याने तर जन्मात पाणीपुरी तोंडात घातली नव्हती, आणि ती एका दिवसात अकरा वेळा गेली होती.

सायराने टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सबने उस दिन एक चीज तो पी थी ना?"

आम्ही परत फिरलो, या वेळी एकच प्रश्न घेऊन. टिकली असलेल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी सरबत प्यायलं होतं. जे कार्यक्रमातून लवकर उठून गेले, ते ठणठणीत. मीठ-साखरेला घाबरणारा मयूर ठणठणीत. आणि वाढता वाढता जिला उरलंच नाही, ती मीही ठणठणीत.

नंदादादाचा धंदा मासळीचा. टेम्पोतला बर्फ मासे ताजे ठेवायचा, पिण्याचा नव्हेच. मॅडमनी तसंच उकळलेलं पाणी, दादा आणतो त्या कारखान्याचा बर्फ आणि मयूरने शेलारहून आणलेलं भैयाच्या मटक्यातलं पाणी, तिन्ही लॅबमध्ये तपासायला सांगितली. पाण्याच्या दोन्ही ट्यूबा स्वच्छ राहिल्या. बर्फाच्या ट्यूबेत दुसऱ्या दिवशी बुडबुडेच बुडबुडे, म्हणजे घाणीतले जंतू. मी नंदादादावर चिडले तर तो शांतपणे म्हणाला, "तू इचारलास कवा? मना वाटला टोप भायेरशी थंड कराचा हाय."

पाणी वीस मिनिटं उकळलं होतं मी. घड्याळ लावून.

*

मयूरने सांगितलं, भैया शेलारला खोलीबाहेर रोज गाडी धुतो, पुसतो आणि परत झाकून ठेवतो. रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले, सगळं सांगितलं आणि संध्याकाळी गाडी घेऊन दिघाशीत यायला सांगितलं. तो म्हणाला, चलो, धंदा तो करना ही है. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आरतीनंतर मी देवळातला माईक हातात घेतला. भाषणं मी खूप ठोकली होती, पण कबुली ही पहिलीच. "सरबत मी केलं होतं," मी म्हटलं. "बर्फही मीच टाकला. भैयाच्या पाण्यात काही नव्हतं आणि तेव्हा मी ते तपासलंही नव्हतं. मी खोटं बोलले."

शिपायाच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला जवळ ओढलं. भैया पिंपळाखाली गाडी लावून उभा होता. पुऱ्यांचा ढीग तसाच. गर्दीतून एकही माणूस पुढे होईना.

मग बेबीआत्या उठली. नळावर गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. बोटांची बेचकी, नखं, सगळं, अगदी मी शाळेत शिकवलं तसं, सावकाश. पदराला न पुसता हात वर धरून ती गाडीपाशी गेली.

"यान बर्फ नाय ना?" तिने विचारलं.

"नहीं माई."

तिने पुरी तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पण तिने दुसरीसाठी द्रोण पुढे केला. मागे हळूहळू रांग लागायला लागली.

सहा पुऱ्या झाल्यावर आत्या आमच्या घरात गेली आणि काहीतरी घेऊन बाहेर आली. मी शाळेत सरबत वाढलं तो लांब दांड्याचा डाव होता. तो तिने भैयाच्या हातात दिला.

"ह्यो तुज्याकरं ठेव," ती म्हणाली. "आमचे पोरीच्या हातान परत देव नको."

भैयाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डाव गाडीच्या खिळ्याला अडकवला. अजून तिथेच आहे.