माझ्या टेबलावरची पुस्तकं

तुमच्या आईने नोकरीत केलेलं पहिलं काम कोणतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते माझ्याच ग्रंथालयात झालं, म्हणून मला नीट सांगता येईल.

मी मंचरजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. साल दोन हजारच्या पुढचं, लोडशेडिंग रोजचंच. तुमची आई पुण्यातल्या एका लहान कंपनीत नुकतीच लागली होती. आमची पुस्तकं शोधण्याचा प्रोग्रॅम कंपनीने तिच्या एकटीवर सोपवला. प्राचार्यांना तो पसंत पडला, तरच ती नोकरीत कायम होणार होती.

प्रोग्रॅम चालायचा, पण संथ. लेखकाचं नाव टाकलं की उत्तर यायच्या आत मी कार्डांच्या खणात बघून पुस्तक काढून आणत असे. एका दुपारी तिने त्यात काही बदल केला, मघाचंच नाव पुन्हा टाकलं, आणि पुस्तकाचं नाव पडद्यावर झटक्यात आलं. परत टाकलं, परत झटक्यात. “जमलं, जमलं!” म्हणत तिने सगळ्यांसाठी भजी मागवली.

भजी संपायच्या आत लाईट गेली. आल्यावर मशीन सुरू केलं, तेच नाव टाकलं, आणि पुन्हा पहिल्यासारखी वाट बघणं आलं.

“ताई, तुमच्या मशीनला बी आमच्यावानी उठल्या उठल्या च्या लागतोय,” निरगुडसरहून येणारे आमचे शिपाईभाऊ म्हणाले. “भजी मातर लई झ्याक व्हती.”

तिला हसू आलं नाही. ती माझ्या टेबलाकडे बघत राहिली. परत आलेली पुस्तकं मी लगेच कपाटात लावत नसे. बहुतेक वेळा तीच पुन्हा मागितली जात, म्हणून संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवायची, ही माझी पद्धत.

“मशीनही हेच करतंय,” ती म्हणाली. “एकदा शोधलेलं हाताशी ठेवतंय. लाईट गेली की त्याचं टेबल रिकामं. माझ्या बदलाने काहीच झालं नाही गं.”

मग लोडशेडिंगच तिच्या उपयोगी पडलं. लाईट आली की पहिला शोध, तोही दर वेळी वेगळ्या लेखकाचा, आणि नजर घड्याळावर. शेवटी तिने लेखकांची वर्णानुक्रमाने वेगळी मांडणी केली, अगदी माझ्या कार्डांच्या खणांसारखी. तेव्हा कुठे पहिला शोधही सोसण्याइतका लवकर येऊ लागला.

प्राचार्य येणार त्या सकाळी शिपाईभाऊंनी सुचवलं, “ताई, आधीच चार येळा चालवून ठेवा की. सरांफुडं पळंल मग!”

मला ते पटलं होतं. पाहुण्यांसाठी आपण आधण आधीच ठेवतोच की. पण ती म्हणाली, “आणि सोमवारी सकाळी मुलं रांगेत उभी राहतील तेव्हा?”

प्राचार्य खुर्चीत बसल्यावर तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. “सर, तुमच्या मनातला लेखक सांगा.”

त्यांनी सांगितला. आम्ही थांबलो. शिपाईभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. पुस्तकं आली. सरांनी तेच नाव पुन्हा टाकायला लावलं, तर क्षणात आली. “हे कसं?” तिने माझं टेबल दाखवून समजावलं आणि म्हणाली, “पण सर, पहिल्यांदा लागला तोच वेळ खरा धरा.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. “चालेल की. मॅडमचा चष्मा सापडेपर्यंत आम्ही याहून जास्त थांबतो.”

चष्मा तेव्हाही टेबलावरच्या पुस्तकांखालीच होता. तो शोधून मी त्यांच्या मंजुरीचा कागद वाचला आणि तुमच्या आईच्या हातात दिला.