बाई गुडघे बघायच्या

कॉलेजच्या मैदानावर आज मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची निवड चालली होती. जी ती जाळीशी उंच उडी मारून चेंडू हाणून दाखवत होती. मी कुंपणाशी थांबले. मी कॉलेजात खेळायचे तेव्हा मागच्या रांगेसाठी मुली निवडताना आमच्या खेळाच्या बाई आधी गुडघे बघायच्या. "चेंडू गेलाच असं वाटूनही जी अंग झोकून देते, ती माझी," म्हणायच्या. माझ्या गुडघ्यांत मुरूम रुतलेला बघून त्यांनी मला मागे उभं केलं. टाळ्या पुढच्यांनाच मिळायच्या. त्याचा राग मला अजून येतो.

घरी आले, तर ओट्यावरून नातवाची काचेची वाटी घरंगळली. फरशीवर आपटायच्या आत मी खाली झेपावून ती झेलली.

"आई, अहो, लागलं का?" सून धावली.

मी गुडघा चोळत उठले. इतक्या वर्षांनी बाईंनी मला पुन्हा निवडलं होतं.