आवाजानं दिसणारा माणूस

रायपूरच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर अभनपूरचे एक काका होते. बोलताना ते गळ्यातल्या गाठीवर हलकेच हात ठेवत. राउंडवरच्या डॉक्टरांनी नुसता गळा पाहिला आणि म्हणाले, "आवाज जाएगी, पर जान बच जाएगी."

काका "हव" म्हणाले. डॉक्टर पुढं गेल्यावर मला म्हणाले, "बायको आंधळी हाये माही. तिले मी आवाजानंच दिसतो. हे कोनी इचारलंच नाही."

ऑपरेशन टळणारं नव्हतंच. पण कोणी विचारलं असतं, तर त्याआधी काकूंना बोलावून घेता आलं असतं.

ऑपरेशननंतर काकांची मुलगी काकूंना सगळं समजावून घेऊन आली. काकांनी त्यांचा हात आपल्या गालावर ठेवला. काकू चेहरा चाचपत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "काही बोला नं."