लिटरला बारा

स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक येतं एका नटबोल्टसाठी आणि बसतं तासभर. कारण तिकडे मिस्त्रीनं गाडी उघडून ठेवलेली असते आणि हा मोकळा. मोकळा माणूस बोलणारच! वागळे इस्टेटच्या आमच्या गल्लीत इतकी वर्षं दुकान चालवलं. माल संपायचा, पण किस्से कधी संपले नाहीत. आणि दहातल्या आठांचा विषय एकच: "गाडी किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. पोराचे मार्क आणि गाडीचं अॅव्हरेज, दोन्ही दोन-तीन वाढवून सांगायची आमच्याकडे रीतच होती. ऐकणारा मनातल्या मनात वजा करून घ्यायचा.

फक्त एका गाडीच्या बाबतीत तसं चालणार नव्हतं. ती मोतीराम कोळ्याची पिकअप.

मोतीराम ठाण्याच्या कोळीवाड्यातला. खाडीत मासळी राहिली नाही, म्हणून त्यानं थोरल्या भावाच्या मागे लागून बापाची होडी विकायला लावली आणि त्या पैशात जुनी पेट्रोल पिकअप घेतली. धक्क्यावरची मासळी कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात पोचवायची. धंदा बरा, पण गाडी राक्षस! लिटरला सहा. कमाई सगळी टाकीत.

थोरला भाऊ हरिश्चंद्र, सगळे त्याला दादूस म्हणत. दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली नऊ बायकोशी. उरलेलं एक त्यानं माझ्या दुकानात येऊन खर्च केलं.

"नारळी पुनवेपर्यंत लिटरला बारा दे मोत्या, नायतर गाडी इकून चुलत्याच्या होडीत वाट्याची पाती घेतंय मी."

भिवंडीचं गिऱ्हाईक येऊन टायरला लाथा मारून, बॉडी ठोकून गेलंसुद्धा होतं. मोतीरामला होडी लागायची. पाण्यावर गेला की उलट्या! कोळ्याचा पोर आणि होडीत ओकतो, हे त्यानं गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. मला माहीत होतं आणि दादूसला. गाडी गेली तर त्याला रोज त्याच होडीत बसावं लागणार होतं.

*

उपाय एकच: पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं. त्या काळात असे पुष्कळजण करत. माझ्या दुकानासमोरच गफूर मिस्त्रीचं गॅरेज. तो भंगार बाजारातून एक जुनं इंजिन घेऊन आला. तिथं म्हणे त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून पाच मिनिटं ऐकलं.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"जिंदा है."

तीन आठवडे गाडी उघडी. पावसाळा, होड्या बंद, म्हणून तेवढी सवड. आरटीओत गाडीच्या कागदावर डिझेल चढवून घेण्याच्या खेपा वेगळ्या. शेवटी एका सकाळी गफूरनं इंजिन चालू केलं आणि सबंध गल्ली काळी झाली! धूर इतका की शेजारच्या कारखान्यातली माणसं वाळूच्या बादल्या घेऊन धावत आली. एकानं तर बादली उचललीसुद्धा.

गफूर मध्ये आडवा पडला. "अरे थांब! इंजिनात वाळू गेली तर मी मरेन! आग नाही ही, पोट साफ होतंय तिचं!"

धूर विरला. मोतीराम चक्कर मारून आला. लिटरला आठ.

"सहाचे आठ झाले!" मी म्हटलं.

"बाराला चार कमी हायेत शेठ," तो म्हणाला आणि तसाच पायरीवर बसला.

*

गफूरनं पंप-नोझल नीट करून घेतले, एअर फिल्टर बदलला. नऊ झाले, साडेनऊ झाले. तिथं काटा अडकला.

मग मोतीराम शहाणा झाला. डिझेल पंपावर एक स्क्रू असतो, इंजिनाला किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा. त्याला हात लावू नको, असं गफूरनं दहादा बजावलेलं. यानं घरी पक्कड लावून तो स्क्रू दीड फेरा पिळला. कमी सोडलं की कमी जळणार, हिशेब सरळ!

दुसऱ्या दिवशी गाडीत सुक्या मासळीच्या पाट्या आणि पाट्यांवर सहा कोळणी. कळव्याच्या पुलाचा चढ. अर्ध्यात गाडीचा दम संपला. पहिला गिअर टाकला तरी जागची हलेना. मागे ट्रकची रांग, हॉर्न, शिव्या. आणि गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. मागच्या ट्रकचं तोंड चार हातांवर!

जना मावशी, वय साठ, लुगडं खोचून उडी मारून उतरली, कडेचा दगड उचलला आणि चाकाखाली हाणला. गाडी थांबली. मग सहाजणींनी आपापल्या पाट्या डोक्यावर घेतल्या आणि चालू लागल्या. खिडकीपाशी आल्यावर मावशी म्हणाली,

"मोत्या, आमी फुडं जातंव. बाजार उठायच्या आत ये रं बाबा!"

*

मधेच एक सेल्समन मला गोळ्या विकून गेला. टाकीत एक टाकली की अॅव्हरेज दुपटीला जातं म्हणे. मी चांगला खोकाभर माल घेतला. माझाही धंदाच आहे शेवटी! पहिलं पाकीट दादूससमोर ठेवलं.

त्यानं ते उलटसुलट पाहिलं. "तुझे स्कूटरमंदी टाकलीस?"

मी पाकीट उचललं.

खोका परत गेला.

*

मग वजन. कुणीतरी मोतीरामच्या डोक्यात भरवलं की गाडी हलकी केली की एक किलोमीटर तरी वाढतोच. यानं स्टेपनी काढली, जॅक काढला, मागच्या लोखंडी कमानी आणि ताडपत्री काढली. उघड्या गाडीत सुक्या बोंबलाची पोती भरून निघाला शहापूरला. सकाळी ऊन होतं ना!

भिवंडीच्या पुढे मागचं चाक बसलं. स्टेपनी घरी. आणि वर ढग.

सुका बोंबील भिजला की संपला. त्यात अर्धा माल गावातल्या विधवा बायकांचा, वर्षाची बेगमी विकायला दिलेला. मोतीराम मला हे पुढे दुकानात बसून सांगत होता. पन्नास पावलांवर एसटीची शेड होती, माणसांनी गच्च भरलेली. पहिला थेंब पडला तसं यानं पाठीवर पोतं घेतलं आणि पळत सुटला. एक आणलं, दोन आणली, तिसरं आणलं. जागा द्या म्हणून कुणाच्या पाया पडावं लागणार, या विचारानं रडकुंडीला आलेला.

"मग? दिली जागा?"

"मागायलाच लागली नाय शेठ! तिसऱ्या पोत्याला वास सुटला आन् सगली आपणहून पावसात जाऊन उभी ऱ्हायली!"

त्या संध्याकाळी त्यानं स्टेपनी परत लावली.

*

आता जे सांगतो त्यात दोष माझा. नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर आलेली आणि गफूरनं तो स्क्रू जागेवर आणून पुन्हा सगळं जुळवल्यावरही आकडा साडेदहा. मी व्यापारी माणूस; आकडा गाडीनं वाढत नसेल तर मीटरनं वाढवावा, असं मला सुचलं. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. मी मोतीरामला एकदम गुळगुळीत, शिवाय आकारानं लहान असे टायर मिळवून दिले. गंमत बघा, मीटरवर बारा आले!

दादूस म्हणाला, "चल, मी बसतंय." ठाणे ते कल्याण आणि परत. आम्ही दोघं निर्धास्त. परत आल्यावर मोतीराम मीटर वाचायला वाकला, तर दादूसनं बंडीच्या खिशातून एक कागद काढला. कागदावर नुसत्या रेघा.

"हे काय?" मी विचारलं.

"तुजा मीटर तू बघ. मी रस्त्यावरचे दगड मोजलंय."

किलोमीटरचे दगड! जाताना आणि येताना! माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. त्याचे आधीचे टायर मी तासाभरात परत चढवून दिले, फुकट.

*

शेवटची परीक्षा नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी. उरलेला सुका माल इगतपुरीला टाकायचा आणि रिकामं यायचं. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. दगड दादूस मोजणार. भिवंडीवाल्याला दुसऱ्या दिवशीचा शब्द दिलेला. केबिनमध्ये तिघं: मोतीराम स्टीअरिंगवर, दादूस खिडकीशी, मी मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्यांत घेऊन.

जाताना कसाऱ्याच्या घाटानं डिझेल प्यायलं. मोतीरामच्या ओठांवरून कळत होतं की मनात भागाकार चाललाय आणि उत्तर बरं येत नाहीये.

परतताना घाटाच्या माथ्यावर त्यानं डॅशबोर्डखालचा स्टॉपर ओढला. आमच्या त्या इंजिनाला किल्लीनं बंद करायची सोय नव्हती. तारेला एक काळं गोल मुंडकं असतं, ते बाहेर ओढलं की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. गिअर न्यूट्रल. उतार आहे, गाडी आपसूक पळणार, थेंब जळणार नाही!

एकदम शांतता. नुसता वारा आणि टायरचा आवाज.

"काय झायला?" दादूस.

"काय नाय दादूस. इंजिनाला जरा आराम."

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणावर कमी लागला. तिसऱ्याला मोतीरामनं पाय दाबला आणि त्याचा चेहराच बदलला. अशा गाडीत ब्रेकला जोर पुरवतं ते इंजिन. इंजिन बंद, की साठलेला जोर दोन-तीन दाबांत संपतो. मग पायाखाली ब्रेक नसतो, दगड असतो. हे मला माहीत होतं. ब्रेकचा तो पार्ट मीच विकलेला! आणि मी वेळेवर तोंड उघडलं नव्हतं, कारण मलाही बारा हवे होते.

गाडीनं वेग घेतला. समोरून एसटी चढत होती, कडेला दरी. मोतीराम दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा. हँडब्रेक ओढला, जळका वास आला, बाकी काही नाही.

"गिअर टाक!" मी ओरडलो.

त्यानं कडकडत गिअर कोंबला, क्लच सोडला. गाडीला गचका बसला, पण इंजिन काही धरेना. स्टॉपर! स्टॉपर बाहेरच होता! मी मोतीरामच्या गुडघ्यांवरून आडवा झालो आणि ते मुंडकं तळहातानं आत हाणलं. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि गरजलं. गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी झाली. एसटी आरसा उडवून निघून गेली. मोतीरामनं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, एक चाक गटारात गेलं आणि थांबलो.

दादूसनं टोपी काढली, झटकली, परत घातली. मोतीराम बाहेर जाऊन ओकला.

ठाण्यात पंपावर टाकी काठोकाठ भरली. सोळा लिटर आणि वर थोडं. दादूसच्या रेघा दोनशे. मी दोनदा भागाकार केला. बारा, वर चतकोर.

मोतीराम हसला नाही. दादूसनं रेघांचा कागद घडी घालून ठेवला, माझ्याकडे पक्कड मागितली आणि केबिनमध्ये वाकला. बाहेर आला तेव्हा स्टॉपरचं मुंडकं त्याच्या हातात होतं. तार त्यानं आत दडपून टाकलेली, म्हणजे आता ओढायला काही उरलं नव्हतं. मुंडकं बंडीच्या खिशात घातलं आणि घराकडे चालू लागला.

नारळी पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी मी कोळीवाड्यात गेलो. दादूसच्या दारात पिकअप उभी, आत कुणी नाही आणि इंजिन धडधडतंय. मोतीराम ओट्यावर उभा राहून घरात हाका मारत होता.

"दादूस! बाहेर ये ना! गाडी बंद करायचीय!"

आतून आवाज आला, "जेवतंय मी."

"अरे डिझेल जळतंय!"

"जलू दे!"