पेनांची बाटली

दादाच्या मुलीच्या लग्नासाठी मायने स्वतः मोहाची दारू गाळली. पहिल्या धारेची, एकच बाटली. ती कुणी प्यायची नव्हती. आमच्या घरात नवरी निघायच्या आधी पेनांना, म्हणजे आमच्या देवांना, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मोहाचे थेंब सांडून सांगावं लागतं, पोरगी चालली म्हणून. आमच्या गडचिरोलीत दारूबंदी. मी बाटली लुगड्यात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतली. वैनगंगेच्या पुलाआधी पोलीस गाडीत चढला. मायने डोळे मिटले ते पूल ओलांडेपर्यंत उघडलेच नाहीत.

चंद्रपूरच्या लॉनवर वहिनीने दारातच बाटली मागून घेतली. "द्या, नीट ठेवते." हीच वहिनी मायचं गाठोडं कायम घराबाहेर ठेवायला लावायची. मोहाचा वास येतो म्हणे.

संध्याकाळी वहिनीच्या मैत्रिणी एका टेबलाभोवती जमल्या होत्या. टेबलावर काचेचा मोठा वाडगा. त्यात संत्र्याचा रस, बर्फ, पुदिना, लिंबाच्या चकत्या. समोर पाटी: 'महुआ पंच'. टेबलाखाली आमची बाटली रिकामी पडलेली.

माय वहिनीपुढे जाऊन उभी राहिली. "पेनाले देल्ली का आधी?"

"आई, सगळे किती तारीफ करताहेत बघा. तुमच्या दारूला क्लास आला."

"मी काय इचारून राह्यली?"

दादा धावत आला. "माय, लोकं पाहून राह्यले. दुसरी बाटली आणतो ना दुकानातून."

"दुकानातली तुह्या बापाले चालन काय?"

दादा पाहुण्यांकडे वळून कसनुसा हसला. गेलेल्या बापाचं नाव निघालं तरी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वाडगा उचलला आणि गवतावर उलटा केला. वहिनीच्या पैठणीवर शिंतोडे उडाले. ती सगळ्यांसमोर ओरडली, "जंगली कुठली!"

"हो, जंगलीच," मी म्हणाले. "जंगलीची दारू गोड लागली ना पण तुले?"

लग्न लागायच्या आधीच आम्ही दोघी स्टँडवर येऊन बसलो. दादा मागे आला नाही. माय रडली नाही, पण वाटेत पाण्याचा घोटही घेतला नाही.

उन्हाळ्यात भाची नवऱ्याला घेऊन गावी आली. "आजी, माहं राहिलं ते करून दे," म्हणाली. मायने पुन्हा मोह गाळला, अंगणात थेंब सांडले, दोघांना पेनांपुढे उभं केलं. त्या दिवशी दादाचा फोन आला, तोही मायने घेतला. रडत होता.

मी मात्र वहिनीशी अजून बोलत नाही. मागच्या महिन्यात तिने निरोप धाडला, घरी पार्टी आहे, आईंच्या हातची एक बाटली मिळेल का. मी उत्तर दिलं नाही. माय म्हणते, सोड आता. नाही सोडत.