सरळ ठेवलेला पाय

केशव गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं त्यांच्याविषयी वाईटच मत झालं, हे आरंभीच सांगून टाकतो. गुरुजींना खोटी स्तुती आवडत नाही आणि मला ती जमत नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. बदलीचा हुकूम घेऊन मी घोटावड्याच्या शाळेत हजर झालो, तर मुख्याध्यापक खुर्चीतून उठेनात. मनात म्हटलं, काय हा ताठा! मग दोन्ही हात टेबलावर रोवून, दात आवळून ते उभे राहिले, तेव्हा कळलं की हा ताठा नव्हे, दुखणं आहे. "या मास्तर, चौथीचा वर्ग तुमचा," एवढंच म्हणाले.

आमवातानं त्यांचा उजवा खुबा धरला होता. सकाळी पाय जमिनीवर टेकवायलाच बराच वेळ लागे. लेप झाले, शेक झाले, गावातल्या प्रत्येकानं एकेक पाला सुचवला. गुरुजींनी कुणालाही दुखावलं नाही आणि रजाही घेतली नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा पेजेचं भांडं घेऊन ते स्वतः लंगडत यायचे. आभार मानले की दटावायचे, "चौथी मोकाट सुटलीय, आधी बरे व्हा."

तसल्या पायानं ते दर रविवारी डोंगरावरच्या धनगरवाड्यावर जात. तिथली मुलं मेंढरांमागं असत. वाड्याचे कारभारी बिरूदा. त्यांच्या अंगणात गुरुजी पाटी-पेन्सिल घेऊन बसायचे. दोन वर्षं हे चाललं, तेव्हा कुठे सात मुलं खाली शाळेत यायला लागली.

पुढे खुबा इतका धरला की गुरुजींना पुण्याला न्यावं लागलं. सोबत मी होतो. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की, सुजेनं सांध्यातली कूर्चा खाऊन टाकली आहे, सांधा आता वाचत नाही. शस्त्रक्रिया करून तो कायमचा जखडून टाकला तर वेदना थांबतील. मात्र कसा जखडायचा ते आधी ठरवायला हवं. वाकवून जखडला तर बसता येईल, पण चालणं संपलं. सरळ जखडला तर काठी घेऊन चालता येईल, पण पुन्हा मांडी घालणं नाही, पाटावर बसणं नाही. अशा वेळी माणूस घरच्यांना विचारतो, एक दिवस मागून घेतो. गुरुजींनी एकच विचारलं, "डोंगर चढता येईल?"

"सरळ ठेवला तर, हळूहळू."

"मग सरळच ठेवा."

कित्येक महिने प्लास्टरमध्ये काढून गुरुजी परतले आणि पहिल्याच रविवारी धनगरवाड्यावर निघाले. मीही गेलो. पायाला काय केलंय, ते गुरुजींनी वाड्यावर कळू दिलं नव्हतं. बिरूदांनी अंगणात नवं घोंगडं अंथरलं होतं. धनगरानं पाहुण्यासाठी नवं घोंगडं अंथरणं म्हणजे मानाची परिसीमा. समोर ताट वाढून आलं. गुरुजी काठीवर उभेच.

"बसा की गुर्जी."

"मला बसता येत नाही, बिरूदा."

बिरूदांनी डोंगराच्या वाटेकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "यवडा डोंगुर चढून आलासा, आन् बसता येत न्हाई व्हय?" ताट आत गेलं. आमच्यात बसून जेवायला मास्तरला कमीपणा वाटतो, असा त्यांनी अर्थ लावला. सोमवारी सातांतलं एकही मूल शाळेत आलं नाही.

मी संतापलो. म्हटलं, वर जाऊन सगळं सांगून येतो. गुरुजी म्हणाले, "माझ्या दुखण्याची दवंडी पिटून मुलं आणायची नाहीत." हा त्यांचा हट्ट मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्यांच्यासाठी पाय सरळ ठेवला, तीच मुलं त्या पायापायी गेली! तरी दर रविवारी ते वर जात, अंगणाच्या कडेला उभे राहत आणि खाली येत.

चौथ्या रविवारी मला राहवलं नाही. गुरुजींसमोरच मी ओरडलो, "बिरूदा, मेंढराचा पाय चाचपता ना? मग ह्यांचाही चाचपून बघा!"

बिरूदा हाड बसवण्यात वाकबगार. ते उठले, गुरुजींच्या खुब्यावर पंजा ठेवला, दुसऱ्या हातानं मांडी उचलून पाहिली. पाय हलेना. त्यांचा चेहरा उतरला. "आरं द्येवा, ह्यो तर लाकूड झालाय! आन् आसा डोंगुर चढतुया? सांगायचं न्हाई व्हय गुर्जी, आमी काय परकं हाय?" त्यांनी घरातून तेच नवं घोंगडं आणलं, घडी घालून छातीइतक्या उंच गडग्यावर, अंगणाच्या दगडी बांधावर, ठेवलं आणि त्यावर दोन ताटं मांडली. दोघं उभ्यानं जेवले. सोमवारी सातही मुलं वर्गात होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या सातांतला एक यंदा आमच्याच शाळेत शिक्षक म्हणून आला आहे. गुरुजींच्या साठीनिमित्त पंगत कशी मांडावी यावर सत्कार समितीत बराच खल झाला. उभ्यानं जेवणं अशुभ, असं जुनी मंडळी म्हणत होती. शेवटी बिरूदा खाली आले आणि म्हणाले, "त्यास्नी बसता येत न्हाई, आमास्नी तर हुबं ऱ्हाता येतंय की." त्या दिवशी पाट मांडले जाणार नाहीत, तरी निमंत्रितांनी राग मानू नये.

राहिल्या शुभेच्छा. गेल्या हिवाळ्यापासून गुरुजी डाव्या पायावरही जपून भार देतात. विचारलं तर म्हणतात, "थंडी आहे." हे उत्तर मी ओळखतो, उजव्या खुब्याच्या वेळीही हेच ऐकलं होतं. गुरुजींना शंभर वर्षं मागायला आपण सगळे आहातच. मी देवाजवळ एवढंच मागतो की, त्यांचा डावा खुबा तेवढा राहू दे.